गांव कीं धर्मशाळा?

आमच्या पांढरपेशा वर्गाच्या बैठकींत दर दहापंधरा वर्षांनीं एखादें नवें खूळ शिरतें, व तें एकदां शिरलें कीं मग त्या वर्गाला दुसरें कांहीं सुचत नाहीं. एके काळीं हें खूळ सरकारी नोकरीचें होतें. पुढें तें अमेरिकेचें झालें. आणि आतां तें लहान गांवाचें झालें आहे. कोणत्याहि वास्तुशांतीच्या पंगतीला जा, लग्नाच्या मांडवांत बसा, किंवा सकाळीं टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या मंडळींत मिसळा, चाळिशी ओलांडलेला व पन्नाशीकडे झुकलेला कोणी तरी सद्गृहस्थ तुम्हांस सांगेल कीं, "पुरे झालें आतां हें शहर! मुंबईंतली जागा विकतों, कर्ज फेडतों, आणि वाईला नाहीं तर दापोलीला जाऊन स्वस्थ राहतों. तिकडे खर्च निम्मा, हवा चोख, आणि माणसें अजून माणसें राहिलीं आहेत." ऐकणारे माना डोलावतात, कोणी जमिनीचा भाव विचारतो, आणि ज्याला जातां येत नाहीं तो नशिबाला बोल लावीत घरीं परततो.

ह्या खुळाविरुद्ध चार शब्द लिहावे असा माझा विचार आहे. पण तसें करण्याचा मला अधिकार आहे कीं नाहीं हें वाचकांना ठरवितां यावें, म्हणून आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. मी स्वतः त्याच वाटेचा वारकरी आहें. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं मुंबईचें बिऱ्हाड मोडून मी वाईला आलों, त्याला आतां नऊ वर्षें होऊन गेलीं. परत जाण्याचा माझा विचार नाहीं. तेव्हां हा लेख म्हणजे मागें राहिलेल्याचा मत्सर नव्हे, कीं पुढें गेलेल्याचा पश्चात्तापहि नव्हे. आम्ही जे आलों ते कोणत्या समजुतीनें आलों, व त्या समजुतीची किंमत कोण देत आहे, एवढाच हिशेब येथें मांडावयाचा आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट मांडलें पाहिजे. शहर दुःसह झालें आहे, ह्यांत वाद नाहीं. विरारहून किंवा बदलापुराहून रोज फोर्टांत कामाला जाणारा मनुष्य दिवसाचे तीन-चार तास गाडींत लोंबकळत काढतो. दोन खोल्यांच्या जागेसाठीं वीस वर्षांचें कर्ज डोक्यावर घेतो. आणि हप्ते फिटेपर्यंत, ज्या मुलांसाठीं ती जागा घेतली तीं मुलें परदेशीं निघून गेलेलीं असतात. अशा मनुष्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर थोडी मोकळी हवा घ्यावीशी वाटली तर त्यांत पाप कसलें? पूर्वीं ही इच्छा मनांतल्या मनांत जिरून जात असे, कारण पोट शहरांत होतें. २०२० सालच्या साथीनें ती अडचण पुष्कळांच्या पुरती दूर केली. कचेरींतलें काम घरीं बसूनहि होतें हें मालकांना कळलें, आणि शहराचा पगार व लहान गांवाचा खर्च ह्यांची, पूर्वीं कोणाला स्वप्नांतहि न साधलेली, सोयरीक जुळली. हें सर्व मला मान्य आहे. जाणाऱ्याला मी दोष देत नाहीं. परंतु ह्या सोयीच्या व्यवहाराला साधेपणाची व त्यागाची भगवीं वस्त्रें नेसविण्यांत येत आहेत, त्याला मात्र माझा सक्त विरोध आहे. कोणी कोणी तर ह्याला वानप्रस्थ म्हणूं लागले आहेत! वानप्रस्थाश्रमीं जाणारा घरदार मुलाच्या स्वाधीन करून वनांत जात असे. वनांत जागेचे दर उतरले आहेत म्हणून जात नसे.

ह्या नव्या पंथाचे तीन खांब आहेत: स्वस्ताई, संथपणा आणि माणुसकी. एकेक हलवून पाहूं.

गांव स्वस्त आहे, म्हणजे नेमकें काय स्वस्त आहे? तेल, साखर, चहा, कापड, गॅसचें सिलिंडर, औषधाच्या गोळ्या, मोटारीचें इंधन, ह्यांचे भाव दादरला व वाईला जवळजवळ सारखेच. कित्येक जिन्नस तर, वाहतूक धरून, येथेंच दोन पैसे महाग. मग आमचा खर्च निम्मा झाला तो कशामुळें? नीट पाहिलें तर दोनच वस्तु येथें खरोखर स्वस्त आहेत: एक माणसाचे श्रम, आणि दुसरी राहण्याची जागा. म्हणजे "आमचा खर्च निम्मा झाला" ह्या आनंदोद्गाराचा सरळ मराठींत अर्थ असा कीं, आमच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईचा, सुताराचा आणि बागेंत खपणाऱ्या गड्याचा मोबदला निम्मा झाला. ती बाई तेल विकत घेते तें मात्र आमच्याच भावानें. शहरांत जी रक्कम आम्ही मुकाट्यानें देत होतों तीच येथें देऊं केली, तर शेजारचे सद्गृहस्थ, तेहि माझ्यासारखेच मुंबईहून आलेले, रागावून सांगावयास येतात कीं, "तुम्ही दर बिघडवितां!" गरिबाचा दर वाढला तर बिघडतो, आणि जमिनीचा वाढला तर 'गांव सुधारतें', असा हा न्याय आहे.

आतां जागेचें पाहूं. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्याला सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. त्यामुळें आम्ही शहरी मंडळी जी झडप घालतों ती बिनशेती झालेल्या थोड्या भूखंडांवर आणि गांवांतल्या मोजक्या घरांवर. २०११ च्या शिरगणतींत सुमारें ३६ हजार वस्ती असलेलें हें गांव. एका बाजूस कृष्णा, दुसऱ्या बाजूस डोंगर. येथें जागा वाढून वाढून वाढणार किती? मी आलों तेव्हां ज्या दोन खोल्या सात हजारांत भाड्यानें मिळाल्या, त्याच खोल्यांना आज पंधरा हजार पडतात. माझ्या मुंबईकर मित्राला हा आंकडा ऐकून हंसूं येतें. पण जो तरुण शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षें ठराविक मानधनावर शिकवितो, त्याला तें ऐकून हंसूं येत नाहीं. तो आतां गांवाबाहेर सात-आठ मैलांवर राहतो आणि रोज दुचाकीवरून येतो. दोन तासांची जी ये-जा टाळण्यासाठीं आम्ही शहर सोडलें, तीच ये-जा आम्ही त्याच्या वांट्याला आणून ठेवली.

ह्यावर असें उत्तर देण्यांत येतें कीं, आमचा पैसा गांवांतच खेळतो; वाणी, गवंडी, रंगारी ह्या सर्वांना त्याचा लाभ होतो. ह्यांत तथ्य आहे, व तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या गवंड्यानें गेल्या पांच वर्षांत स्वतःचा ट्रॅक्टर घेतला. परंतु त्याच गवंड्याच्या मुलाला वेगळें घर करावयाचें आहे तें आतां त्याला ह्या गांवांत करतां येत नाहीं. मजुरी एका हातानें थोडी वाढवावी आणि जमीन दुसऱ्या हातानें पार आवाक्याबाहेर न्यावी, ह्याला लाभ म्हणावयाचें असेल तर म्हणावें. उपकार म्हणूं नये.

दुसरा खांब संथपणाचा. गांव संथ आहे असें जो म्हणतो तो बहुधा सकाळीं आठानंतर उठत असावा. पहाटे पांच वाजतां एस.टी. स्टँडवर जाऊन उभें राहावें. सातारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुली, शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जाणारीं पोरें, भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बाया, ह्यांच्या चेहऱ्यावर संथपणा कोठें आढळला तर मला कळवावें. ऊसतोडणीच्या दिवसांत रस्त्यानें रात्रभर बैलगाड्या व ट्रॉल्या चाललेल्या असतात. त्यांचाहि संथपणा माझ्या पाहण्यांत नाहीं. संथ आहों ते आम्ही. आमचा पगार दुसरीकडून येतो आणि कामें दुसरे करतात, म्हणून दुपारीं व्हरांड्यांत बसून डोंगराकडे पाहण्यास आम्हांला सवड होते. ही सवड गांवानें दिलेली नाहीं. ती आम्हीं शहरांतून बांधून आणली, आणि येथल्या हवेचा गुण म्हणून तिची जाहिरात केली.

आणि खरोखर जें संथ आहे तें किती संथ आहे, हें कळावयास एक रात्र पुरते. तीन वर्षांपूर्वीं एका रात्रीं जेवणें होतांच माझ्या आईचा उजवा हात एकाएकीं लुळा पडला आणि बोलतां बोलतां तिचे शब्द अडखळूं लागले. मेंदूंत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळविणारें औषध, लक्षणें दिसूं लागल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तेंहि डोक्याची तपासणी होऊन, रक्तस्राव झालेला नाहीं अशी खात्री पटल्यावर. एका ठिकाणीं तासभर डॉक्टरांची वाट पाहण्यांत गेला. दुसऱ्या ठिकाणीं यंत्र होतें, तें चालविणारा नव्हता. शेवटीं खंबाटकी ओलांडून पुण्यास पोहोंचलों तेव्हां घड्याळांतले साडेचार तास संपलेले होते. आई पुढें चौदा महिने जगली. तिची वाचा परत आली नाहीं.

हें दुःख मी येथें सहानुभूतीसाठीं मांडलेलें नाहीं. त्या रात्रीं मला संताप आला, आणि दुसऱ्या दिवशीं त्या संतापाचीच लाज वाटली. कारण आमच्याकडे दूध घालणाऱ्या गवळ्याची आई बारा वर्षांपूर्वीं अगदीं तशीच गेली होती, आणि मी शेजारीं राहात असून मला तें ठाऊक नव्हतें. ज्या संथपणाची आम्ही कौतुकें करतों तोच संथपणा रात्रीं डॉक्टर नसण्याच्या रूपानें ह्या लोकांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलेला आहे. पुढें गांवांतल्या पांच-सहा मंडळींनीं मिळून, रात्रपाळीला डॉक्टर व तपासणीची सोय असावी असा अर्ज तयार केला. मजसारख्या बाहेरून आलेल्या चाळीस घरीं मी स्वतः जाऊन आलों. सह्या सर्वांनीं केल्या, परंतु सभेला दोन घरचीं माणसें आलीं. बाकीच्यांचें उत्तर एकच: "आमचा विमा आहे, आणि पुणें काय, दोन तासांवर." जणूं काय माझीहि आई पुण्यापासून दोन तासांवरच नव्हती!

तिसऱ्या खांबाकडे वळण्यापूर्वीं एका पक्षाची बाजू मांडली पाहिजे, कारण ह्या सर्व चर्चेंत ती कोणी विचारीतच नाहीं. ती बाजू गृहिणीची. 'आम्हीं शहर सोडलें' ह्या वाक्यांतला 'आम्ही' बहुतेक ठिकाणीं एकवचनी असतो. माझ्या पत्नीनें बावीस वर्षें बँकेंत नोकरी केली होती. मुंबईचा जिना उतरला कीं ती स्वतःच्या नांवानें ओळखली जाई. तिच्या मैत्रिणी होत्या, गाडीच्या डब्यांतलें तिचें एक वेगळें जग होतें. इकडे आल्यावर वर्षभरानें ती मला म्हणाली, "मी कोणाची बायको आहें हें फोर्टांत कोणाला ठाऊक नव्हतें, येथें तेवढेंच सगळ्यांना ठाऊक आहे." ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. शिवाय पुरुषाचें संथ जीवन सुरूं झालें कीं बाईची धांवपळ दुप्पट होते. दर शनिवारीं शहरांतले आप्तेष्ट 'जरा हवा पालटावयास' येतात. त्यांना अंगणांतल्या चुलीवरची भाकरी हवी असते. आणि ती भाकरी आपोआप थापली जात नाहीं. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला शहरानें जें थोडेंबहुत स्वातंत्र्य दिलें होतें, तें तिच्या संमतीवांचून विकून जर कोणी डोंगराचा देखावा विकत घेत असेल, तर त्यानें त्याला निदान कुटुंबाचा निर्णय म्हणूं नये.

आतां माणुसकी. लहान गांवांत माणुसकी आहे, हें मी अनुभवानें सांगतों. त्या रात्रीं आईला खालीं उतरवावयास जे चार हात पुढें आले, त्यांतला एकहि आमच्या नात्याचा नव्हता. पण माणुसकी ही कांहीं विहिरीचें पाणी नव्हे, कीं जमिनीबरोबर खरेदीखतांत लिहून मिळावी. ती देण्याघेण्यानें टिकते. आम्ही घेतों पुष्कळ, देतों काय? आमच्यापैकीं निम्म्यांचीं नांवें अजून शहराच्या मतदारयादींत आहेत. सामान शहरांतून घरपोंच मागवितों. गांवच्या वाचनालयाचे सभासद होत नाहीं, कारण पुस्तकेंहि त्याच वाटेनें येतात. शाळेशीं आमचा संबंध नाहीं, कारण मुलें मोठीं होऊन गेलेलीं. बावधनचें बगाड निघालें कीं रस्ता अडला म्हणून आमची तक्रार. काकडआरतीचा आवाज झाला कीं झोंप मोडली म्हणून आमची तक्रार. शेजाऱ्याचा कोंबडा आरवला तरी आमची तक्रार! शांतता आम्हीं पैसे मोजून घेतली आहे, तेव्हां गांवानें ती पुरविलीच पाहिजे, अशी ही भावना. आणि पांच-सहा वर्षांनीं, वयोमानाप्रमाणें दवाखाना जवळ हवासा वाटूं लागला कीं, हीच मंडळी घर दुप्पट किंमतीला विकून पुण्यास जातात. प्रवासी धर्मशाळेंत जसा वागतो तसें हें वागणें झालें. फरक एवढाच, कीं धर्मशाळेंतला प्रवासी जातांना नफा घेऊन जात नाहीं.

आपल्या कायद्यानें ह्या बाबतींत आमच्यापेक्षां अधिक शहाणपण दाखविलें आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, एखाद्या मतदारसंघांत केवळ राहण्याचें घर मालकीचें आहे किंवा ताब्यांत आहे, एवढ्यावरून मनुष्य तेथला सामान्य रहिवासी समजला जाणार नाहीं. घर असणें वेगळें आणि रहिवासी असणें वेगळें, हा भेद पाऊणशें वर्षांपूर्वीं कायदा करणारांना दिसला. आम्हां सुशिक्षितांना तो अजून दिसत नाहीं.

मोठीं शहरें सोडून किंवा टाळून लहान गांवांत जाऊन राहिलेलीं माणसें महाराष्ट्रानें पूर्वींहि पाहिलीं आहेत. ह्याच वाईंत १९१६ सालीं नारायणशास्त्री मराठे यांनीं प्राज्ञपाठशाळा काढली. तिच्यांत शिकावयास खानदेशांतल्या पिंपळनेराहून आलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं येथेंच जन्म घालविला, आणि मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला तो ह्याच गांवांत चाललेल्या कामांतून. भाऊराव पाटलांनीं आपली संस्था १९२४ सालीं साताऱ्यास आणली. डॉक्टर आरोळे पतिपत्नी १९७० सालीं जामखेडास गेलीं, तीं तेथें खर्च कमी येतो म्हणून गेलीं नाहींत. ह्यांतल्या कोणीहि आपण गेल्यानें आपली किती बचत होईल ह्याचा हिशेब केला नाहीं. आपण गेल्यानें तेथें काय उभें राहील, हा केला.

"पण प्रत्येकजण कांहीं भाऊराव नसतो," असें कोणी म्हणेल. अगदीं खरें आहे, मीहि नाहीं. माझें मागणें फार लहान आहे. घरीं राबणाऱ्या माणसाला शहरांत देत होतों तेवढें येथेंहि द्यावें. वाचनालयाची वर्गणी भरावी, आणि महिन्यांतून एकदां तरी तेथल्या बांकावर जाऊन बसावें. ज्याची हयात बँकेंत गेली त्यानें शेजाऱ्याला कर्जाचा कागद वाचून दाखवावा. ज्याची कचेरींत गेली त्यानें अर्ज लिहून द्यावा. रात्रपाळीच्या डॉक्टराची मागणी आपल्या आईची वाट न पाहतां करावी. आणि निघण्यापूर्वीं पत्नीला विचारावें. नाहीं म्हणाली तर तें ऐकावें. ह्यांतलें एकहि काम त्यागाचें नाहीं. पण एवढें केल्यावर मनुष्य धर्मशाळेंतून उठून गांवांत येतो.

आमच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाहीं. दर महिन्याला आम्ही सातजण जाऊन त्याची चौकशी करतों. पूर्वीं सहा होतों, आतां गवळीहि येऊं लागला आहे. मुंबईचे परिचित अजूनहि पत्ता शोधीत येतात आणि चहा घेतां घेतां विचारतात, "इकडे एखादी स्वस्तशी जागा आहे का हो पाहण्यांत?" पूर्वीं मी त्यांना भाव सांगत असें. आतां मी त्यांना तहसील कचेरीचा रस्ता दाखवितों, आणि मतदारयादींत नांव हलविण्याचा नमुना ८ कोठें मिळतो तें सांगतों. ज्याला तो अर्ज भरावयाचा असेल त्याच्यासाठीं जागा शोधावयास मी स्वतः उन्हांत हिंडेन. ज्याला केवळ हवा पालटावयाची असेल, त्यानें शनिवारीं यावें, भाकरी खावी, आणि रविवारीं परत जावें. भाकरी आतां मी थापतों. ती गोल होत नाहीं, एवढें सांभाळून घ्यावें.